सण नसलेल्या घराला काय पाठवायचं?

जपानमध्ये नववर्षाच्या पोस्टकार्डाला नेंगाजो म्हणतात. १५ ते २५ डिसेंबरदरम्यान पेटीत टाकलेली ही कार्डं पोस्ट लगेच वाटत नाही. घराघरांचे गठ्ठे लावून ठेवतात आणि १ जानेवारीला सकाळी दारात देतात. मुलगा नागोयाला नोकरीला आहे, त्याच्याकडून मी हे सगळं खोदून खोदून विचारून घेतलं.

साताऱ्याच्या हेड पोस्टात मी सॉर्टिंगला होतो. दिवाळीची कार्डं कोरेगाव, मेढा, वाई अशा खणांत टाकून टाकून खांदे भरून यायचे. पण आमचं काम आलेलं टपाल आजच्या आज काढायचं. इतकं टपाल राखून एकाच सकाळी घरोघर पोचवायचं, ही जोखीम खात्यातल्या माणसालाच कळेल! त्यासाठी तिथे शाळा-कॉलेजातली पोरं हंगामी कामाला घेतात. आता कार्डं घटलीत. २००३ च्या सुमारास ४४० कोटींवर छापायचे, २०२५ साठी १०७ कोटींच्या आसपास. वाचून वाईट वाटलं.

मला सगळ्यात भिडलं ते मात्र दुसरंच कार्ड. वर्षभरात ज्या घरात कुणी गेलं असेल, ते घर डिसेंबर उजाडता उजाडताच नातेवाईक-मित्रांना कळवतं, की आम्ही दुखवट्यात आहोत, यंदा शुभेच्छा देणार नाही. मग त्यांना कुणी नेंगाजो पाठवत नाही. ७ जानेवारी उलटली की विचारपूस करणारं साधं पत्र जातं.

मुलाच्या शेजारच्या खोलीत व्हिएतनामचा एक पोरगा राहतो. व्हिडिओ कॉलवर तो सांगत होता आणि मुलगा मला मराठीत समजावत होता, "आबा, यांचं नववर्ष चंद्राच्या पंचांगावर चालतं." त्याला तेत म्हणतात. २०२५ ला ते २९ जानेवारीला आलं, २०२६ ला १७ फेब्रुवारीला. जपाननं ते जुनं पंचांग १८७३ लाच सोडलं.

व्हिएतनामात शुभेच्छा पायी जातात. मध्यरात्रीनंतर घरात पहिलं पाऊल कुणाचं पडावं, हे घरधन्याच्या जन्मवर्षाशी जुळवून आधीच ठरवतात. पहिला दिवस वडिलांकडच्यांचा, दुसरा आईकडच्यांचा, तिसरा गुरुजींचा. गुरुजींसाठी अख्खा दिवस, हे मला फार आवडलं. पोरं थोरांना आयुष्य-आरोग्य चिंततात, मग लाल पाकिटात कोरी नोट मिळते. आणि ज्याच्या घरी दुखवटा आहे तो त्या दिवसांत दुसऱ्याचा उंबरा ओलांडत नाही.

दोन्हीकडे दुःखातल्या माणसाचं भान आहे. तरी मला जपानी रीत जास्त पटते. व्हिएतनामात तो माणूस एकटाच मागे राहतो. जपानात बाकीच्यांनाही वेळेवर कळतं आणि आपलं वागणं सांभाळता येतं.

आपल्याकडे पहिल्या दिवाळीला अशा घरी फराळाचं ताट पोचतं, ती माया खरीच आहे. पण फोनचं काय? थोरली बहीण गेली त्या वर्षी पाडव्याला दाजींच्या मोबाइलवर सकाळपासून गुढ्यांची चित्रं येत होती. पाठवणारे बहुतेक मातीला आलेले. दाजी एकेक उघडून बघत होते आणि प्रत्येकाला हात जोडल्याचं चिन्ह पाठवत होते. मला ते बघवेना.

आमच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर मी लिहिलंय, की यंदा ज्यांच्या घरी सण नाही त्यांची नावं पाडव्याच्या आठ दिवस आधी कळवा. त्या घरी कुणीही चित्र पाठवायचं नाही. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड मी स्वतः लिहून टाकेन. पत्ते तेवढे पिनकोडसकट द्या.