गाडी मागून डोलत होती, आम्ही पुढचं दुरुस्त करत राहिलो

आईला महिन्यातून दोनदा यवतमाळला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यावं लागतं. आमचं गाव आर्णीच्या बाजूला, हायवे सोडून नऊ किलोमीटर आत. जुलै 2024 मध्ये असेच परत येत होतो. गावच्या रस्त्यावर पाण्यानं भरलेला खड्डा मला दिसला नाही आणि पुढचं डावं चाक धाडकन आदळलं. सकाळी पाहतो तर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. असा फुगा आला म्हणजे आतले धागे तुटलेले असतात, त्याला पंक्चरसारखा इलाज नाही. दुसराही टायर घासलेलाच होता म्हणून जोडी घेतली. दुकानदारानं नवी जोडी पुढं लावली, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडं सारखं करणं) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून दिलं.

खरा त्रास त्यानंतर लक्षात आला. 60 पर्यंत गाडी ठीक चालायची. 70 च्या पुढं गेली की तरंगल्यासारखी वाटायची. समोरून ट्रक सुसाट गेला की मागचा भाग एकीकडे सरकायचा, मी स्टेअरिंगनं सावरलं की दुसरीकडे जायचा. आई नेहमी मागच्या सीटवर बसते. ती पहिल्याच फेरीत म्हणाली, "मांगून पाळण्यावानी हालून राह्यली रे गाडी." मी ऐकलं आणि सोडून दिलं. खड्ड्यात आदळलं पुढचं चाक, टायर बदलले पुढचे, तर दोषही पुढंच असणार, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

पुन्हा अलाइनमेंटला गेलो. तिथं पुढच्या दोनच चाकांना सेन्सर लावले, सगळे आकडे बरोबर आले. मग एका गॅरेजमध्ये पुढच्या चाकांचे सांधे, म्हणजे टाय रॉड एंड, आणि लोअर आर्मचे रबरी बुश बदलायला सांगितले. 4,200 रुपये गेले. जुने बुश खरंच चिरलेले होते, त्यामुळे तो खर्च वाया गेला असं म्हणणार नाही. स्टेअरिंगचा खडखडाट बंद झाला, डोलणं मात्र तसंच राहिलं. मला भीती वाटायला लागली होती. आई गाडीत असली की मी एसटीच्या मागं मागं 50 च्या वेगानं यायचो.

शेवटी गावातल्या ट्रॅक्टर मिस्त्री काकांकडे गाडी नेली. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी मलाच विचारायला सुरुवात केली. रिकामी असताना डोलते का भरलेली? ब्रेक मारला तर काय होते? आणि मग, "हात थरथरते का बूड थरथरते, बाबू?"

मी थांबलोच. हात कधीच थरथरले नव्हते. थरथर यायची ती सीटमधून, मागून. आई महिनाभर तेच सांगत होती.

काका म्हणाले, "सकाळी आण. गाडी चालवल्यावर टायर तापते, हवा जास्त दाखवते." सकाळी थंड टायरची हवा मोजली. पुढं दोन्हीकडे 33 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागं उजवीकडे 30 आणि मागं डावीकडे फक्त 21. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेली, किती हवा भरायची ते सांगणारी पट्टी मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली. डाव्या चाकाच्या व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकलं तर बुडाशी बुडबुडे आले. रबर चिरलं होतं. नवे टायर घेताना पुढच्या चाकांचे व्हॉल्व्ह नवे बसले, मागचे जुनेच राहिले. एका मागच्या चाकात हवा कमी आणि दुसऱ्यात बरोबर असली की वळताना, सावरताना मागची दोन चाकं सारखी वागत नाहीत.

व्हॉल्व्ह बदलला, हवा भरली. मला वाटलं झालं. काकांनी बजावलं, "एका टायमाले एकच गोष्ट बदलाव, मंग चालवून पाहाव." चालवून पाहिली. डोलणं निम्म्यानं कमी झालं, पण सीटमध्ये धप धप राहिलीच.

मग पुढच्या चाकांना गोटे लावले, गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक सोडला आणि मागचं उजवं चाक जॅकवर उचललं. काकांनी विटा रचून त्यावर खडू धरला, टायरच्या नक्षीच्या अगदी जवळ, आणि चाक हळूहळू फिरवलं. पूर्ण चक्करमध्ये खडू एकाच ठिकाणी लागला. तिथं तीन-चार बोटं रुंद उंचवटा होता, आतल्या बाजूला कललेला, म्हणून उभ्या गाडीत कधी दिसला नाही. तळहात फिरवला की स्पष्ट लागत होता. टायरच्या आत तारांचे पट्टे असतात, ते एकमेकांपासून सुटले होते. बाजूवर आकडे होते 2817, म्हणजे 2017 सालचा 28 वा आठवडा. टायर सात वर्षांचा. नक्षी अजून चांगली होती म्हणून मी त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

खात्रीसाठी तो टायर पुढं लावला आणि गावच्या रिकाम्या रस्त्यावर 20 च्या वेगानं जेमतेम दोनशे मीटर चाललो. प्रत्येक चकरीला स्टेअरिंग आपोआप डावीकडे-उजवीकडे हलत होतं. लगेच परत फिरलो, कारण असा टायर वेगात फुटू शकतो. अलाइनमेंटमध्ये चाकाचे कोन मोजतात, टायरच्या आत काय सुटलंय ते त्यात दिसत नाही.

हे झालं कशानं? काकांनी डिक्कीकडे बोट दाखवलं. दर हंगामात मी आर्णीहून युरियाच्या चार बॅगा त्यातच आणायचो. एक बॅग 45 किलोची, म्हणजे 180 किलो वजन मागच्या चाकांवर. पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी मागं जास्त हवा लिहिली आहे, ती मी कधी भरली नाही. त्यात आमच्याकडचा मे महिन्याचा तापलेला डांबरी रस्ता. कमी हवा, जास्त वजन आणि उष्णता, यात टायर आतून भाजतो.

मागचेही दोन्ही टायर नवे घेतले, त्याच साइजचे, त्याच नक्षीचे. याच वेळी कळलं की दोनच नवे घेतले तर ते मागं लावायला हवेत. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी वळायला नाही म्हणते, ते कळतं आणि वेग कमी करता येतो. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते. जुलैच्या पावसात मी महिनाभर नेमका उलटा प्रकार चालवत होतो, तोही आईला मागं बसवून.

पुढच्या फेरीला अरुणावतीच्या पुलापर्यंत मी मुद्दाम काहीच बोललो नाही. दोन मोठे ट्रक शेजारून गेले, गाडी रेषेत राहिली. आरशात पाहिलं तर आई झोपली होती.

पट्टे सुटलेला टायर दुकानदार शंभर रुपयांत मागत होता. तो कुणाच्या तरी गाडीत स्टेपनी म्हणून गेला असता. मी घरी आणला आणि आरीनं बाजू कापून दोन तुकडे केले.