मोपा ते लिस्बन: आईला नेतानाचा हिशेब

ताई पोर्तुगालमधल्या लिस्बनला गेल्यापासून आईचं एकच पालुपद, "किती लांब गं ते?" नकाशावर सरळ रेघ मारली तर गोव्यातल्या मोपा विमानतळापासून लिस्बन सुमारे 8,300 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी साडेआठशे-नऊशे धरला तर साडेनऊ-दहा तास. पण थेट विमानच नाही, म्हणून हा आकडा नुसता आईची समजूत घालण्यापुरता.

म्हापशातल्या एजंटाने आधी मुंबईमार्गे दोन वेगळी तिकिटं सुचवली. स्वस्त होती. पण मग मुंबईत बॅगा ताब्यात घ्या, पुन्हा चेक-इन करा, आणि पहिलं विमान लेट झालं तर पुढचं गेलंच म्हणून समजा. आईचे गुडघे बघता तो विषय तिथेच मिटला. दिल्ली-फ्रँकफर्टमार्गे जायचं तर अंतर साडेनऊ हजारांच्या आसपास, म्हणजे उत्तरेकडून हजारेक किलोमीटरचा वळसा. दोहामार्गे मात्र दोन्ही टप्पे मिळून साधारण 8,350. दोहा जवळजवळ त्या सरळ रेघेवरच येतं, हे मला नकाशा बघेपर्यंत ठाऊक नव्हतं. एकच तिकीट, बॅगा थेट लिस्बनला. तेच घेतलं.

खरी गंमत तिकिटावरच्या वेळांची. पहाटे चारला निघायचं, दुपारी दोनला पोचायचं. आई खूश, "दहाच तास!" पण तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोर्तुगाल आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. ते मिळवले की झाले साडेचौदा. चार तास दोहापर्यंत, अडीच तास थांबा, पुढे आठ तास. त्यात मोपाला तीन तास आधी हजेरी आणि त्याआधी डिचोलीहून गाडी. जेवून उठलो ते निघालोच.

रक्तदाबाच्या गोळीचं डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, प्रवासात आपल्याच वेळेने द्या. म्हणून आईच्या मनगटावरचं घड्याळ हलवायचं नाही असं ठरलं. दोहाला भिंतीवर साडेपाच, तिच्या हातावर आठ. तिने डबी उघडली, गोळी घेतली आणि समोरच्या खुर्चीतल्या बाईला वेळेतला फरक मराठीतून समजावून सांगितला.

व्हीलचेअर तिकिटासोबतच नोंदवून ठेवली होती. पैसे पडत नाहीत आणि रांगाही टळतात, तरी आपल्याकडे लोक लाजतात. चेक-इनला बॅगेच्या टॅगवर लिस्बन विमानतळाचा एलआयएस हा कोड छापलाय ना, तेवढं बघून घ्यावं.

विमानात आईला आठवलं, आजोबा गोव्यातल्याच दाबोळी विमानतळावरच्या जुन्या विमानांबद्दल सांगायचे. पोर्तुगिजांनी 1955 मध्ये तिथे धावपट्टी सुरू केली, आणि भारताने नाकेबंदी केलेली असल्याने विमानं कराचीकडे जायची. त्यापेक्षा आपलं बरं, म्हणाली.

परतीचा हिशेब वेगळा करावा लागला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे नोव्हेंबरात फरक साडेपाच तासांचा. लिस्बनहून दुपारी तीनला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मोपा. कागदावर अठरा तास बघून आई धास्तावली, प्रत्यक्षात साडेबाराच. वरच्या हवेतले जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, ते येताना पाठीशी असतात. दोहापर्यंतचा टप्पाच जाण्यापेक्षा जवळपास तासभर लवकर आटोपला.