मनगट

इटलीतल्या पोर्टोफिनोला मी अकरा वेळा गेलोय, पण धक्क्याच्या पुढे एकदाही पाऊल टाकलेलं नाही. क्रूझच्या डेकवर काम करणाऱ्याला गाव असंच दिसतं, टेंडरच्या, म्हणजे पाहुण्यांची जहाज ते धक्का ने-आण करणाऱ्या बोटीच्या दारातून, हातात दोर धरून.

मोठं जहाज त्या चिमुकल्या बंदरात शिरत नाही. बाहेर तिगुल्लिओच्या आखातात नांगर टाकायचा आणि जहाजाच्याच लाइफबोटी टेंडर म्हणून सोडायच्या. गावची वस्ती चारशेच्या आसपास आणि आमच्या एका जहाजाचे पाहुणे दोन हजार. पाण्याला लागून उंच, अरुंद घरं, पिवळी, गुलाबी, गेरूच्या रंगाची. फोटोसाठी इतकी झुंबड उडायला लागली की २०२३ साली काही जागी नुसतं रेंगाळण्यावरही २७५ युरोंपर्यंत दंड लावला. आमच्या एसटी स्टँडवर लावला तर डेपो नफ्यात येईल.

त्या दिवशी दुपारी वारा फिरला. सिरोक्को, आग्नेयेचा. बंदराचं पाणी डोंगराच्या आडोशाला, तिथे लाट जाणवत नाही. बाहेर मात्र जहाजाच्या दाराशी टेंडर मीटरभर वरखाली व्हायला लागली. कॅप्टनने सगळ्यांना लवकर परत आणायला सांगितलं. आता धक्क्यावर आइस्क्रीम खाणाऱ्या माणसाला हे पटवून द्या! "पाणी तर शांत आहे," जो तो हेच म्हणत होता.

शेवटून दुसऱ्या फेरीत एक आजोबा होते, ऐंशीच्या घरातले. एका हातात काठी, दुसऱ्यात तेलाने डागाळलेली कागदी पिशवी. काठी माझ्या जोडीदाराने घेतली. पिशवी ते देईनात. आत फोकाचा होता, इकडचा तेल लावलेला चपटा पाव, बायकोसाठी. ती व्हीलचेअरवर, म्हणून सकाळपासून जहाजावरच होती. शेवटी पिशवी त्यांनी शर्टाच्या आत खुपसली.

माझे बाबा देवगडला होडीवर. लहानपणी मला उतरवताना म्हणायचे, "होडी वर येवन इल्लीशी थांबता, तेवाच पाय टाकूचो. खाली जाताना टाकलंस तर गेलंस." कंपनीच्या ट्रेनिंगमध्येही हेच शिकवतात, फक्त स्लाइड लावून. आणि हात धरायचा नाही, मनगट धरायचं. हात घामाने सुटतो.

एक लाट सोडली. दुसरी सोडली. मागची रांग कुरकुरायला लागली. तिसरीला टेंडर वर आली, क्षणभर थांबली, मी "नाऊ, सर!" म्हणून ओरडलो आणि आम्ही दोघांनी त्यांना जवळजवळ उचलूनच आत घेतलं. पुढच्याच क्षणी टेंडर धाडकन खाली गेली. त्यांच्या मनगटावर माझी चार बोटं लालभडक उमटली होती.

त्यांनी आधी शर्टावरून पिशवी चाचपली. मग मला विचारलं, "तुला या गावातलं काय आवडतं?"

मी म्हटलं, "तो पिवळ्या घराचा दुसरा मजला. तिथली एक खिडकी मी कधीच उघडलेली पाहिली नाही. कोण राहतं कोण जाणे."

आजोबा हसले. "अरे, ती रंगवलेली आहे! नुसती भिंत आहे ती. इकडे अशा पुष्कळ असतात."

अकरा वेळा मी त्या खिडकीकडे बघत होतो.

रात्री मेसमध्ये डाळभात वाढून घेताना बोसन, म्हणजे आमचा डेकवरचा मुकादम, म्हणाला, उद्या लिव्होर्नो. तिथे जहाज सरळ धक्क्याला लागतं, टेंडर नाही.