सेंट जेकब्सचा शेतकरी बाजार: मेनोनाइट चवींची फेरी आणि जाणाऱ्यांसाठी काही सूचना

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात, वॉटरलू शहराच्या उत्तर टोकाला लागून सेंट जेकब्सचा शेतकरी बाजार भरतो. १९७५ साली सुरू झालेला हा बाजार वर्षभर चालतो, दर गुरुवारी आणि शनिवारी, सकाळी ७ पासून दुपारी ३ च्या सुमारापर्यंत. उन्हाळ्यात त्यात मंगळवारची भर पडते. सेंट जेकब्स हे गाव बाजारापासून उत्तरेला तीनेक किलोमीटरवर आहे. नकाशात नुसतं गावाचं नाव टाकलं तर गावात पोचाल, बाजारात नाही. म्हणून ‘फार्मर्स मार्केट’ हे शब्द टाकायलाच हवेत. मार्गदर्शकासोबत चव घेत फिरायच्या इथल्या फेरीचा हा वृत्तांत सप्टेंबरमधल्या एका गुरुवारचा आहे.

गुरुवार मुद्दाम निवडावा. शनिवारी दहानंतर मुख्य इमारतीत खांद्याला खांदा लागतो, आणि अशा गर्दीत विक्रेत्याला दोन प्रश्न विचारणंही जड जातं. या फेरीत खाण्याइतकंच विचारण्याला महत्त्व आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. इथले बहुसंख्य विक्रेते मेनोनाइट नाहीत. बाजाराभोवतीच्या वुलविच तालुक्यात जुन्या वळणाच्या मेनोनाइटांची शेती आहे. त्यांच्यातले काही इथे माल विकतात, आणि बाजाराची चव त्यांच्या स्वयंपाकघरातून आलेली आहे. मेनोनाइट हा सोळाव्या शतकात स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्सच्या भागात उभा राहिलेला ख्रिस्ती पंथ. बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वेच्छेने घ्यायचा आणि शस्त्र हाती धरायचं नाही, ही त्याची मुख्य शिकवण. छळामुळे बरेच जण पेनसिल्व्हेनियात गेले आणि १८०० च्या सुमारास त्यांतली काही कुटुंबं ग्रँड नदीच्या खोऱ्यात आली. १८०५ साली त्यांनी मिळून इथली ६०,००० एकर जमीन विकत घेतली. त्याआधी, १७८४ मध्ये, ग्रँड नदीकाठचा हा पट्टा हॉडेनोशोनी या उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना देण्यात आला होता. चांगला मार्गदर्शक हेही सांगतो. आपल्या बाजूचा एक धागा असा, की १८९६-९७ च्या दुष्काळानंतर अमेरिकन मेनोनाइटांनी जुन्या मध्य प्रांतातल्या धमतरीला १८९९ मध्ये मिशन उभारलं.

आमिश हा याच परंपरेतून निघालेला दुसरा पंथ, तो वेगळा, हेही लक्षात ठेवा. इथल्या जुन्या वळणाच्या मेनोनाइट पुरुषांची दाढी सफाचट असते. लग्न झालेले आमिश पुरुष दाढी राखतात. घोडागाडी दोघांकडेही दिसते. आणि मेनोनाइटांची एक पोटशाखा मोटार चालवते, पण काळ्या रंगाचीच.

या स्वयंपाकाचं मर्म बेगमीत आहे. इथला हिवाळा लांब आणि गोठवणारा. मांस धुरावर, भाजी व्हिनेगरमध्ये, सफरचंद आटवून, दूध चीज करून, झाडाचा रस उकळून, असं सगळं पुढच्या पिकापर्यंत टिकवायचं. फेरीतले पदार्थ त्या नजरेने चाखले की एकमेकांशी जोडले जातात. एरवी ती गोड-खारट-आंबट अशी विस्कळीत खादाडी वाटते.

सुरुवात सफरचंदाच्या फ्रिटरपासून करावी, कारण त्याची रांग सर्वांत लांब होते आणि नऊच्या आत ती लहान असते. ‘द फ्रिटर कंपनी’चा हा गाळा मुख्य इमारतीत आहे. २ सप्टेंबर २०१३ ला बाजाराची मूळ इमारत आगीत जळाली. आताची २०१५ मध्ये उभी राहिली. सफरचंदाचा गाभा काढून जाड चकत्या करतात, मैद्याच्या पिठात बुडवून तळतात आणि वरून दालचिनी-साखर घालतात. हा पदार्थ बांधून नेण्यातला नाही. चकतीतली वाफ दहा मिनिटांत आवरण मऊ करते, त्यामुळे उभ्याउभ्या गरमच खावा. दोघांत एक पुडा पुरतो. इथेच पोट भरलं तर पुढची फेरी वाया गेली म्हणून समजा.

त्यानंतर समर सॉसेज. उन्हाळ्यातही थंडाव्याशिवाय टिकावं म्हणून मांस आंबवून, धुरावर हळूहळू सुकवतात. ते आंबूस, घट्ट आणि धुरकट लागतं. वॉटरलू भागातल्या पारंपरिक पाककृतीत बीफ आणि डुकराचं मांस एकत्र असतं. कापलेल्या चकतीवरून काहीच ओळखता येत नाही, म्हणून यातलं एक किंवा दोन्ही वर्ज्य असणाऱ्यांनी तोंडात टाकण्याआधी विचारावं. चकती पातळ, दोन-तीन मिलिमीटरची मागा. जाड तुकड्यात आंबटपणाच पुढे येतो. याच गाळ्यांवर ‘हेडचीज’ नावाचा पदार्थ मिळतो. नाव काहीही असो, त्यात चीज नाही. डुकराच्या डोक्याचं मांस स्वतःच्याच रश्श्यात गोठवलेलं असतं. शाकाहारी माणसाने चीज समजून उचलावं, असंच ते दिसतं.

खरं चीज म्हणजे ‘कुक चीज’, आणि फेरीतली सर्वांत शिकण्यासारखी चव हीच. साय काढलेल्या दुधाचा कोरडा चोथा उबदार जागी काही दिवस पिकू देतात. तो चिकट, पिवळसर आणि चांगलाच उग्र वासाचा झाला की लोणी, मीठ आणि खाण्याचा सोडा घालून मंद आचेवर वितळवतात. सोड्याने आंबटपणा दबतो आणि चोथा विरघळून तकतकीत, तारा सुटणारी पेस्ट होते. चोथा पुरेसा पिकला नसेल तर कितीही ढवळलं तरी गुठळ्या राहतात. शहाजिरं घातलेलं आणि साधं असे दोन्ही प्रकार मिळतात. नुसतं चमच्याने चाखलं तर बहुतेकांना आवडत नाही. जाड पावावर कुक चीज आणि त्यावर ‘ॲपल बटर’ असं घ्यावं, इथली घरंही तसंच खातात. ॲपल बटरमध्ये लोणी नसतं. सफरचंद तासन्‌तास आटवून केलेला तो गडद लगदा आहे. त्याचा गोडवा चीजच्या उग्रपणाला बरोबर तोलतो. पहिल्यांदा घेताना सर्वांत लहान डबा घ्या.

मेपल सिरपला मात्र सावकाश वेळ द्या. रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्यावर तापमान असतं तेव्हाच, म्हणजे साधारण मार्च ते एप्रिलच्या सुरुवातीला, शुगर मेपलच्या खोडातून रस वाहतो. त्यात साखर जेमतेम दोन टक्के. ४० लिटर रस आटवून १ लिटर सिरप होतं. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा साधारण ४ अंश वर, साखर ६६ टक्क्यांच्या आसपास पोचली की ते तयार. त्याआधी उतरवलं तर बुरशी धरतं, जास्त आटलं तर बाटलीच्या तळाशी खडे जमतात. ‘ग्रेड ए’मध्ये चार रंग आहेत: गोल्डन, अंबर, डार्क आणि व्हेरी डार्क. हंगाम पुढे सरकतो तसे उबेत जिवाणू रसातली साखर फोडतात आणि उकळताना रंग गडद होतो. चाखताना फिक्याकडून गडदकडे जा, उलट गेलात तर गोल्डनची नाजूक चव कळणारच नाही. शिऱ्यात किंवा खिरीत घालायचं असेल तर डार्क घ्या, गोल्डन दुधात हरवून जातं. लेबलवर ‘मेपल’ हा शब्द हवाच. नुसतं ‘टेबल सिरप’ किंवा ‘पॅनकेक सिरप’ म्हणजे बहुधा मक्याच्या साखरेचा रंगीत पाक.

‘पाय’ (pie), म्हणजे पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ. त्याच्या गाळ्यावर शाकाहाऱ्यांनी सावध राहावं. पारीत मोहन म्हणून डुकराची चरबी, म्हणजे ‘लार्ड’, घालण्याची जुनी पद्धत आहे. त्यानेच पारी खुसखुशीत होते. ‘इज देअर लार्ड इन द क्रस्ट?’ असं थेट विचारा. हल्ली वनस्पती तूप वापरणारेही बरेच असतात. शू-फ्लाय पाय चुकवू नका: खाली मोलॅसिसचा ओलसर थर, वर पीठ आणि साखरेचा चुरा. मोलॅसिस आपल्या काकवीसारखं लागतं, पण अधिक काळं आणि मागे कडवटपणा ठेवणारं. तळ ओला असायलाच हवा, तो कच्चा राहिलेला नसतो. बटर टार्ट हा ऑन्टारियोचा गोड पदार्थ, त्यात अंडं असतंच. बरण्यांतली लोणची गोड-आंबट असतात, तिखटाची अपेक्षा नको. बीटचं लोणचं आणि ‘चाऊ-चाऊ’ हे मिश्र भाज्यांचं लोणचं घेण्यासारखं.

बाहेरच्या भाजीबाजारात अननस आणि संत्री दिसली की ओळखावं, हा माल घाऊक बाजारातून आणलेला आहे. ‘डिड यू ग्रो धिस?’ एवढं विचारलं की खरं उत्तर मिळतं. मे-जूनमध्ये शतावरीचे कोंब आणि ऱ्हुबार्बचे आंबट देठ, जूनमध्ये स्ट्रॉबेरी, जुलैअखेरपासून मका, ऑगस्टमध्ये पीच, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सफरचंद आणि भोपळे. मका सकाळी तोडलेलाच घ्या, तोडल्यावर त्यातल्या साखरेचा स्टार्च होत जातो.

मेनोनाइट विक्रेत्यांचे फोटो काढू नयेत. चेहरा टिपला जाणं त्यांच्या श्रद्धेत बसत नाही आणि लांबून लपून काढलेला फोटोही तितकाच अनादराचा. मालाचा फोटो हवा असेल तर विचारून काढा. रस्त्यावर घोडागाडी दिसली तर वेग कमी करा, हॉर्न अजिबात वाजवू नका, भरपूर अंतर सोडून पुढे जा. आजूबाजूच्या शेतांवर अंडी, मध, भाजी थेट मिळते. रविवारी मात्र विक्री बंद, फाटकावर तशी पाटीच असते.

टोरांटोहून मोटारीने ४०१ महामार्गावरून पश्चिमेला या, २७८ क्रमांकाच्या एक्झिटला हायवे ८ धरा आणि पुढे हायवे ८५ ने उत्तरेला. पार्किंग फुकट आहे. मोटार नसेल तर शेजारच्या किचनर शहरापर्यंत ‘गो’ या प्रादेशिक सेवेची ट्रेन किंवा बस, तिथून आयऑन ही लाइट रेल शेवटच्या कोनेस्टोगा स्थानकापर्यंत, आणि पुढे एलमिराकडे जाणारी २१ क्रमांकाची बस. ही बस वारंवार नाही, म्हणून परतीची वेळ सकाळीच पाहून ठेवा.

मार्गदर्शकाला आहाराची बंधनं बुकिंगच्या वेळी सांगा, आयत्या वेळी पर्याय मिळत नाही. नाश्ता न करता या, पाण्याची बाटली ठेवा. माणशी ४० ते ६० डॉलर रोख, तेही सुटे. काही गाळ्यांवर कार्ड चालत नाही. बर्फाच्या पिशव्या घातलेली शीतपिशवी मोटारीत असू द्या. सॉसेज आणि चीज सगळ्यात शेवटी विकत घ्या, दोन तासांहून जास्त वेळ शीतपिशवीबाहेर ठेवू नका. भारतात न्यायचं असेल तर मांस आणि चीज सोडून द्या. मेपल सिरप काचेऐवजी सीलबंद पत्र्याच्या डब्यात घेऊन चेक-इन सामानात ठेवा. हातातल्या पिशवीतून ते विमानतळावर जप्त होतं. डबा फोडल्यावर उरलेलं सिरप काचेच्या बरणीत ओतून फ्रिजमध्येच ठेवा.