राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुरस्कारासाठी प्रस्ताव सादर करताना : माझा अनुभव

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या कार्यक्रम अधिकारी सरांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे विद्यार्थ्यांना समाजसेवेत सहभागी करून घेणाऱ्या योजनेच्या, पुरस्कारासाठी स्वयंसेवक गटातून माझे नाव सुचवले. योजनेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९९३-९४ मध्ये सुरू झालेला हा पुरस्कार तेव्हा इंदिरा गांधी यांच्या नावाने दिला जात असे. पुढे त्यातील त्यांचे नाव वगळण्यात आले. महाविद्यालयाचा प्रस्ताव आधी विद्यापीठाच्या समितीकडे, तेथून राज्याकडे आणि राज्याच्या शिफारशीनंतर केंद्राकडे जातो. या वाटेवरून जाताना मला जे समजले ते आजच्या स्वयंसेवकांना उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे येथे लिहीत आहे.

गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा करावी आणि एक सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करावे, हा तिचा साधा नियम आहे. माझ्या मते तिचा खरा कणा मात्र दत्तक गाव, म्हणजे महाविद्यालयाच्या एककाने (योजनेच्या तुकडीने) कामासाठी निवडलेले गाव, हाच आहे. आमचे दत्तक गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, माण तालुक्यात होते. हा सारा पर्जन्यछायेचा प्रदेश असल्यामुळे तेथील रब्बीची ज्वारी आणि जनावरांचे पाणी हे दोन्ही परतीच्या पावसाच्या भरवशावर असते.

आमचे विशेष शिबिर दरवर्षी सत्र परीक्षेनंतर, म्हणजे जानेवारीच्या सुमारास होई आणि त्यात एक वनराई बंधारा ठरलेला असे. रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती भरायची, तोंडे शिवायची आणि ती ओढ्याच्या पात्रात आडवी रचून लिंपून घ्यायची, हे काम मुलांना आवडते आणि समारोपाला पाहुण्यांना दाखवताही येते. परंतु जानेवारीत त्या ओढ्याला पाणीच नसे. एकक प्रतिनिधी झाल्यावर पहिल्याच बैठकीत मी हा प्रश्न मांडला, की ओढा वाहता असतानाच, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, नियमित कार्यक्रमाचे तास वापरून बंधारा का घालू नये. सरांना ते पटले. मात्र परीक्षा तोंडावर असताना मुलांना रविवारी गावात नेणे, शहरातील बांधकामांवरून रिकामी पोती गोळा करणे आणि दोन्ही काठांवरच्या शेतकऱ्यांची संमती मिळवणे ही सर्व जबाबदारी प्रतिनिधी म्हणून माझ्यावर आली.

सर्वांत अवघड गोष्ट पोत्यांची नव्हती. ओढ्याच्या खालच्या अंगाला विहीर असलेल्या एका शेतकरी काकांचा विरोध होता. वर पाणी अडवले तर आपल्या विहिरीला पाझर राहणार नाही, अशी त्यांची भीती होती आणि ती अवाजवी नव्हती. आम्ही त्यांना समजावण्यापेक्षा हा विषय ग्रामसभेत मांडावा अशी विनंती सरपंच ताईंना केली. तेथे बंधाऱ्याची उंची कमी ठेवावी आणि जादा पाणी वाहून जाण्यासाठी मध्ये सांडवा सोडावा, असे ठरले. ते काका पुढे स्वतः पोती रचायला आले. त्या ग्रामसभेच्या ठरावाची प्रत पुढे माझ्या प्रस्तावातील सर्वांत वजनदार कागद ठरली. पण ती मागून घेताना पुरस्काराचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात नव्हता.

प्रस्ताव तयार करण्यात बराच काळ गेला. उपस्थितीपत्रक, कामाची दैनंदिनी, शिबिराचा अहवाल, रक्तपेढीचे प्रमाणपत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, वर्तमानपत्रांतील कात्रणे, प्राचार्यांची शिफारस, असे सारे क्रमाने लावून साक्षांकित करावे लागते. छायाचित्रांचा ढीग आमच्याकडे होता, परंतु हातात झाडू किंवा रोप घेऊन उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांच्या छायाचित्रावरून पुढे काय झाले ते कळत नाही. म्हणून वृक्षारोपणाच्या नोंदीबरोबर पुढच्या उन्हाळ्यात किती रोपे जगली हेही आम्ही लिहिले, आणि तो आकडा लावलेल्या रोपांपेक्षा पुष्कळ कमी असूनही तो तसाच ठेवला. विहिरींच्या पाण्याची पातळी आम्ही दोरीने मोजून टिपून ठेवली होती. ती वाढलेली दिसत होती. तरी त्या वर्षी परतीचा पाऊसही चांगला झाला असल्यामुळे सारे श्रेय बंधाऱ्याला देता येणार नाही, असे वाक्य सरांनी आग्रहाने घालायला लावले. त्या वेळी मला ते थोडे जाचले होते, आज मात्र त्याच वाक्याबद्दल मी त्यांची सर्वाधिक ऋणी आहे.

खरा पेच ‘स्वयंसेवकाचे वैयक्तिक योगदान’ या रकान्यापाशी आला. ‘माझ्यासाठी नव्हे, आपल्यासाठी’ हे आमच्या योजनेचे ब्रीदवाक्य. शंभर स्वयंसेवकांच्या एककाने केलेले काम एकाच मुलीच्या नावावर कसे लिहावे, हे मला कळेना. सगळीकडे ‘आम्ही’ लिहिले तर समितीला निवड करता येणार नाही, आणि ‘मी बंधारा बांधला’ असे लिहिणे तर उघड खोटे होते. शेवटी मी सहकाऱ्यांना एकत्र बसवले आणि प्रत्येक उपक्रमात कोणी काय केले हे त्यांच्याच तोंडून लिहून घेतले. त्यातून माझे म्हणून जे उरले ते श्रमाचे फार नव्हते: बंधाऱ्याची वेळ बदलण्याचा आग्रह, ग्रामसभेची वाट धरण्याची सूचना, कामाची वाटणी आणि मुले कंटाळल्यावर पुन्हा गावात नेण्याची चिकाटी. तेवढेच मी लिहिले. विद्यार्थी नेतृत्व म्हणजे निर्णय घेणे आणि त्याची जबाबदारी शेवटपर्यंत सांभाळणे, असे मी आजही मानते. घाम किती गाळला याची मोजणी त्यासाठी पुरत नाही.

विद्यापीठाच्या समितीपुढील मुलाखतीत पाठांतराचा भाग लवकर संपला. योजना कधी सुरू झाली, बोधचिन्हातील चक्र कोठल्या मंदिरातील आहे (ते कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथचक्र आहे), असे प्रश्न झाल्यावर एका ज्येष्ठ प्राध्यापिका बाईंनी विचारले, की पोत्यांचा बंधारा पुढच्या पुरात वाहून जातो, मग तुमच्या कामातून गावात काय राहिले. दुसऱ्या वर्षी गावातील तरुणांनी आमची वाट न पाहता पोती जमवून बंधारा घातला होता आणि आम्ही केवळ हाताखाली काम केले होते, हे मी सांगितले आणि ग्रामसेवकांचे पत्र दाखवले. त्यानंतर त्यांनी बराच वेळ त्या ग्रामसभेबद्दलच विचारले. प्रत्येक समितीने असे खोलात जाऊन विचारावे असे मला मनापासून वाटते, कारण त्याखेरीज जाड प्रस्ताव आणि खरे काम यांतील फरक कळणे कठीण आहे.

विद्यापीठ स्तरावर माझी निवड झाली आणि प्रस्ताव राज्याकडे गेला. केंद्राकडे पाठवलेल्या नावांत माझे नाव नव्हते. राज्यातून निवडल्या गेलेल्यांपैकी एका स्वयंसेवकाचे आदिवासी पाड्यांवरील आरोग्याचे काम मी नंतर ऐकले, आणि ती निवड योग्यच होती. विद्यापीठाकडून मिळालेली रक्कम आम्ही सर्वांनी मिळून दत्तक गावातील शाळेच्या वाचनकोपऱ्यासाठी दिली.

पुढे एककातील धाकट्या मुलांना प्रस्ताव करताना मदत करण्याची संधी मिळाली. त्यांना मी पहिल्या वर्षापासूनच दोन गोष्टी करायला सांगते. दैनंदिनी त्याच संध्याकाळी लिहावी आणि त्यात फसलेल्या कामाचीही नोंद करावी. गावाकडून कागद घ्यायचा तर कौतुकाच्या दाखल्याऐवजी ठरावाची प्रत घ्यावी, कारण दाखला कोणीही देतो. ठरावासाठी मात्र गावाला एकत्र बसून त्या कामाविषयी बोलावे लागते.