वाळूवरचा तपकिरी थर: अँफिडिनियम, सायफन आणि शून्यावर गेलेलं नायट्रेट

समुद्री अ‍ॅक्वेरियमचा टँक १२० × ४५ × ४५ सेंमी. सम्प (टँकला जोडलेली फिल्टरची टाकी) धरून प्रत्यक्ष पाणी २२० लिटर, सॅलिनिटी ३५ पीपीटी, तापमान २६ अंश. वाळू अरॅगोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज), १ ते २ मिमी दाण्याची, थर ४ सेंमी. थर चढायला लागला तेव्हा नायट्रेट ० आणि फॉस्फेट ० होतं. सगळं दुखणं या दोन शून्यांत आहे.

वाळूवर तपकिरी काही दिसलं की पहिला हात जीएफओकडे (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) जातो आणि टँकमध्ये टाकायचं खाणं कमी होतं. डायटम (सिलिकावर वाढणारं तपकिरी सूक्ष्म शेवाळ) किंवा केसाळ शेवाळ असेल तर ते ठीक. डायनो (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय सूक्ष्मजीव) असतील तर त्याने ते आणखी माजतात, कारण उपासमारीत आधी त्यांचे स्पर्धक मरतात. म्हणून आधी ओळख पटवा. थोडा थर बाटलीत घेऊन जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात पुन्हा चिकट तंतू जमले तर बहुधा डायनोच. खात्री मात्र ४०० पट मायक्रोस्कोपखालीच होते. डायनोंचे दोन प्रकार इथे ओळखायचे: ऑस्ट्रिओप्सिस थेंबाच्या आकाराचा असतो आणि एका टोकाभोवती गरगर फिरतो. अँफिडिनियम चपटा, लंबगोल, सरपटत पुढे जातो. फरक महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रिओप्सिस रात्री पाण्यात तरंगतो, त्यामुळे यूव्ही (पाणी अतिनील दिव्याजवळून फिरवणं) लागू पडतो. अँफिडिनियम वाळूतच दडतो, तिथे यूव्हीचा खर्च वाया. या टँकमध्ये तोच निघाला.

जीएफओ काढलं. ते फॉस्फेटबरोबर सिलिकेटही ओढतं, आणि पुढे सिलिकेटच हवं आहे. मग नायट्रेट-फॉस्फेट वरून द्यायला सुरुवात. द्राक्षबागायतदार वापरतात ती विद्राव्य खतंच इथे चालतात: १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ०:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. पिशवीवर सूक्ष्म अन्नद्रव्यं मिसळल्याचा उल्लेख असेल तर ती घेऊ नका, त्यातलं तांबं कोळंबी आणि गोगलगायींचा जीव घेतं. शंका असेल तर लॅब ग्रेड घ्या. ३६ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट ५०० मिली आरओडीआय (आरओ आणि मग डीआय रेझिनमधून शुद्ध केलेल्या) पाण्यात विरघळवलं की त्याच्या ५ मिलीने २२० लिटरमध्ये नायट्रेट सुमारे १ पीपीएम वाढतं. फॉस्फेटसाठी १ लिटरमध्ये १ ग्रॅम, त्याचे ६ मिली म्हणजे सुमारे ०.०२ पीपीएम.

नायट्रेट सरळ चढतं, फॉस्फेट नाही. सकाळी दिलेलं संध्याकाळच्या टेस्टमध्ये गायब असतं. ते डायनोंनी खाल्लं असं समजून घाबरू नका. अरॅगोनाइट आणि कोरडा दगड आधी स्वतः फॉस्फेट धरून ठेवतात आणि त्यांची भूक भागल्यावरच पाण्यात आकडा टिकतो. पुढे पाण्यातलं फॉस्फेट घटलं की हाच साठा परत सुटतो. जीएफओ बदलूनही आकडा वर येत राहतो तो त्यामुळे.

सायफन सकाळी नको. दिवे लागून पाच-सहा तास झाले की थर सर्वांत जाड असतो, तेव्हा करा. १२ मिमी नळीचं तोंड वाळूपासून १ सेंमी वर धरून फक्त थर ओढायचा, नळी चिमटीत दाबून वेग आवरायचा. पाणी १० मायक्रॉनच्या सॉकमधून (गाळण्याची पिशवी) गाळून परत टँकमध्ये. या काळात पाणी बदलणं थांबवलेलं बरं. ताज्या मिठानंतर डायनो उसळतात असा बहुतेकांचा अनुभव आहे. वाळू खोल ढवळू नका, दगडाखालची तर नाहीच. सॉक लगेच धुऊन उन्हात वाळवा.

सिलिकेटसाठी सोडियम सिलिकेट. द्रावण तीव्र अल्कली असतं, म्हणून भरपूर आरओडीआय पाण्यात पातळ करून वेव्हमेकरच्या (टँकमध्ये प्रवाह निर्माण करणारा पंप) झोतात थेंब थेंब सोडायचं. टेस्टवर सिलिका १ ते २ पीपीएम राखली की काचेवर तपकिरी भुकटी येते. ते डायटम, आणि ते हवेच आहेत. वाळूवरची जागा तेच बळकावतात.

आजची स्थिती: नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०७, सिलिका १. समोरची वाळू पांढरी. डाव्या दगडामागे, जिथे प्रवाह पोचत नाही, तळहाताएवढा पट्टा बाकी. वेव्हमेकर खाली वळवला आहे. दगडावर हिरवं केसाळ शेवाळ उगवलं आहे, ते ट्रोकस गोगलगायींवर सोपवलं. नासारियस गोगलगायी त्याला तोंड लावत नाहीत, त्या फक्त उरलेलं खाणं उचलतात आणि वाळू हलती ठेवतात.

तो पट्टा मायक्रोस्कोपखाली रिकामा दिसला की सिलिकेट बंद आणि पाणी बदलणं सुरू: दर वेळी २२ लिटर, मीठ ८०० ते ८५० ग्रॅम, नेमकं वजन सॅलिनिटी मोजून. त्या वेळी वाळूचा एक चतुर्थांश भागच रुंद नळीने खोलवर धुवायचा, पुढच्या वेळी शेजारचा. सगळी वाळू एकदम धुतली तर तिच्यातले जिवाणूही हलतात आणि अमोनिया डोकावतो. पाणी घरच्या प्युरिफायरचं असेल तर त्यातला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर पूर्ण बंद करा. तो चवीसाठी कच्चं पाणी मिसळतो. त्यानंतर डीआय रेझिन लावून टीडीएस मीटर ० दाखवेपर्यंत त्या पाण्यात मीठ टाकू नका.