आमची वाटचाल : विद्यापीठांचं सेफ्टी ऑडिट

सेफ्टी ऑडिट म्हटलं की लोकांना एमआयडीसीच आठवते. आम्हीही चाकणच्या कारखान्यांपासूनच सुरुवात केली. विद्यापीठांकडे वळलो ते २०१० मध्ये. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात पडून असलेला गॅमा इरॅडिएटर (किरणोत्सर्गाचा मारा करणारं यंत्र) त्या वर्षी लिलावात भंगारात गेला. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात त्यातलं किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० उघडं पडलं आणि एक कामगार दगावला. ती बातमी वाचून इथल्या विद्यापीठातल्या एका विभागप्रमुख मॅडमनी आम्हाला बोलावलं आणि थेट स्टोअरची किल्ली हातात दिली. मागच्या फळीवर पिक्रिक ॲसिडची जुनी बाटली होती, पार वाळलेली, झाकणाच्या आट्यांत पिवळे खडे. असं झाकण फिरवलं तर घर्षणानेही स्फोट होतो. खोलीला कुलूप लावून आम्ही बॉम्बशोधक पथकाला फोन केला.

एवढं करूनही पुढच्या टेंडरमध्ये काम गेलं एल-वनला, म्हणजे सगळ्यांत कमी दर भरणाऱ्याला. त्या सल्लागाराने कारखान्याची चेकलिस्ट जशीच्या तशी चिकटवली. ज्या इमारतीत बॉयलरच नाही तिथे बॉयलर ‘समाधानकारक’! प्रयोगातल्या घातक वाफा बाहेर ओढणारे सगळे फ्यूम हूडही ‘समाधानकारक’. वर आमचं जुनं बिल लेखा विभागात अडकलेलं. पगारासाठी गॅस डिटेक्टर विकला, साउंड मीटर विकला. हवेचा वेग मोजणारा ॲनिमोमीटर मात्र भागीदाराने विकू दिला नाही.

तोच कामी आला. मॅडमनी विभागाच्या पैशांतून फक्त हूड तपासायला सांगितले. हूडची पुढची सरकती काच नेहमीच्या उंचीवर ठेवून उघड्या भागात ठिकठिकाणी वेग मोजला. हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर आत ओढली जायला हवी, इथे ०.२ सुद्धा धड येईना. गच्चीवर जाऊन पाहिलं तर पंख्याचा पट्टा सैल. विद्यार्थी रोज त्या वाफेत उभे होते. मॅडमनी आमचे आकडे आणि त्या सल्लागाराचा अहवाल कुलसचिवांपुढे शेजारी-शेजारी ठेवले. काम परत आलं, ते आजही आहे. त्या सल्लागाराचं बिल मात्र वेळेत निघालं होतं, हे मी विसरलेलो नाही.

विभागप्रमुखांना सांगतो, जानेवारी-जुलैचा फायरचा फॉर्म ‘बी’ (आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) भरला म्हणजे प्रयोगशाळा सुरक्षित झाली असं धरू नका. ईथरच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, त्यात स्फोटक पेरॉक्साइड साठतं. आयवॉश (डोळे धुवायचा फवारा) दर आठवड्याला चालवून बघा, गंजाचं पाणी आधी बेसिनमध्ये जाऊ दे. आणि टेंडरमध्ये हूडच्या प्रत्यक्ष मोजमापाची अट घाला.